इंग्रज काकाची विहीर

कंधारच्या बसस्टँडसमोर टाइपिंग आणि झेरॉक्सचं एक दुकान आहे. बावन्न वर्षांचा ताहेर तिथं गेली एकवीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिणं टाइप करत बसलाय. लग्नाच्या बायोडाट्यांतले वाढवलेले पगार आणि घटवलेली वयं, पुढाऱ्यांनी स्वतःच स्वतःसाठी लिहून आणलेली मानपत्रं, भावाभावांचे एकमेकांविरुद्धचे अर्ज, सगळं त्याच्या बोटांखालून जातं. म्हणजे गावात काय शिजतंय ते या माणसाला माझ्याही आधी कळतं, आणि तो ते कोणाला सांगत नाही. मला याचा किती त्रास होत असेल, विचार करा. रोज सकाळी मी त्याच्या बाकावर जाऊन बसतो, माझ्या पैशांनी चहा पाजतो, इकडून तिकडून विषय काढतो. उत्तर ठरलेलं, "काका, मी वाचत न्हाई. नुसतं टाइप करतो."

हे खरंही होतं म्हणा. अक्षरं डोळ्यांतून आत जायची, बोटांतून बाहेर पडायची, मध्ये कुठं थांबायची नाहीत. अपवाद एकच, एका इंग्रजी कादंबरीवरचा निबंध.

कादंबरी राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. पाचशे वीस पानं, त्यातली चारशे धुक्याची. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमची नात लगेच फोनवर शोधेल, आणि मग ताहेरची गोष्ट बाजूलाच राहील. आमच्या भागात बाहेरून इंग्रजीत एम.ए. करणाऱ्यांना या कादंबरीवर निबंध लिहावा लागतो. दोन हजार चार साली एका पोरानं हातानं लिहिलेला निबंध ताहेरकडं टाइप करायला आणला. अक्षर असं की कोंबडीनं शाईत पाय बुडवून फेरफटका मारावा. ताहेरनं तो टाइप केला आणि कॉम्प्युटरमध्ये तसाच राहू दिला. पुढच्या वर्षीची मंडळी आली आणि म्हणाली, तोच द्या, फक्त वरचं नाव बदला. त्याच्या पुढच्या वर्षीचीही तेच म्हणाली. मग हा निबंध बिलोलीला गेला, मुखेडला गेला. मुरुडच्या एका झेरॉक्सवाल्यानं तो पेनड्राइव्हमधून नेला आणि तिथून तो थाटात लातूर जिल्ह्यात नांदायला गेला.

निबंधातली गोष्ट अशी. एक मोठा श्रीमंत इंग्रज काका मरतो. मागे तीन पुतणे, त्यांच्या बायका, काकाची सेवा करणारी ऑगस्टा नावाची गरीब भाची, आणि एक विहीर. सगळी भांडणं या विहिरीवरून. थोरला म्हणतो विहीर माझी. धाकट्याची बायको म्हणते विहिरीत आमचाही हिस्सा आहे. मधल्यानं विहीर लपवून ठेवली असा सगळ्यांना संशय. शेवटी विहीर सापडते ती ऑगस्टाला.

विहीर लपवणार कशी, असं वीस वर्षांत एकानंही विचारलं नाही. का विचारावं? आमच्याकडं माणसं अख्खी विहीर कागदावरून गायब करतात, इंग्रजांना काय अवघड? आणि काका मेल्यावर पुतणे दुसऱ्या कशावरून भांडणार? चार आणे हिस्सा कोणाचा, मोटार चालवायची पाळी कोणाची, मंगळवार थोरल्याचा की धाकट्याचा, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला कळतं. वाचणाऱ्याला निबंध पटायचा. तपासणाऱ्यालाही पटत असावा, कारण मार्क बरे पडायचे.

टाइप करताना न वाचणाऱ्या ताहेरच्या मनात मात्र ही विहीर कुठंतरी जाऊन बसली. दुपारी लाईट गेली की मशीनचा घरघराट थांबतो, शटर अर्धं खाली येतं, आणि किल्ल्याच्या अंगानं येणारं वारं दुकानातले कागद हलवत राहतं. अशा वेळी तो खुर्चीत मागे रेलायचा आणि इंग्लंडला जायचा. तिथं दाट धुकं असायचं, ओल्या गवताचा वास असायचा. मोठ्या काळ्या घराच्या मागं ती विहीर. काठावर हिरवं शेवाळ, आत उतरायला दगडी पायऱ्या. पाणी इतकं खोल आणि थंड की वर वाफ दिसावी. लांब काळ्या झग्यातली ऑगस्टा यायची, पोहरा सोडायची, आणि पोहरा पाण्याला लागल्याचा आवाज ताहेरला इकडं कंधारात ऐकू यायचा. पोहरा आमचा, विहीर बांधली तीही आमच्याच पद्धतीनं, फक्त धुकं तिकडचं. त्याची आई रहमतबी ऐंशीची. तिलाही त्यानं ही गोष्ट सांगून ठेवलेली. थंडी पडली की ती अधूनमधून विचारायची, "क्यों रे, वो छोरी इत्ते ठंड में बावडी पे जाती क्या अबी?" आणि तिच्यासाठी खरोखर हळहळायची.

दोन वर्षांपूर्वी ताहेरनं स्वतःच एम.ए.ला नाव घातलं. बी.ए. त्यानं मागेच बाहेरून केलं होतं, पण ते कोणाला माहीत नव्हतं. पन्नाशीच्या पुढं माणूस कॉलेजात नाव घालतो म्हणजे गावाला कारण पाहिजे. एक कारण असं उठलं की बायको वारल्यावर त्याचा नांदेडच्या कुठल्याशा शिक्षिकेवर जीव जडला. हे कोणी उठवलं ते विचारू नका. माणसाला रिकामा वेळ असला की हातून असं होतं. खरं कारण त्यानं मला अशाच एका लाईट गेलेल्या दुपारी सांगितलं.

"काका, साडेचार हजार असाइनमेंट झाल्या असतील या हातानं. वरती नाव दरवेळी दुसऱ्याचं. एक तरी असावी का न्हाई, वर ताहेर लिहिलेली? आन् खाली जे लिहिलंय ते बी ताहेरचंच असलेली?"

मी चेष्टा करणार होतो. केली नाही. चहा सांगितला.

निबंध अर्थातच त्याच कादंबरीवर. नांदेडच्या अभ्यासकेंद्राचा नियम असा, की निबंध लिहिण्याआधी त्याचा आराखडा तिथं शिकवणाऱ्या मॅडमना दाखवायचा. काय म्हणणं आहे, कुठून सुरू करणार, कुठं नेणार, पुरावा काय. त्यावर मॅडमची सही झाली तर निबंध लिहायचा, नाही झाली तर निबंध नाही आणि वर्षही गेलं. तारीख जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारची.

आराखड्यासाठी ताहेरनं वाया गेलेल्या झेरॉक्सची पाठकोरी पानं काढली. एका बाजूला कोणाच्या तरी आधार कार्डाचा काळाकुट्ट फोटो, दुसऱ्या बाजूला ताहेरचे विचार. म्हणणं एकच होतं, या कादंबरीचा जीव विहिरीत आहे. विहीर खोल आहे तशी माणसांची हावही खोल आहे. पाणी वरून शांत दिसतं तसं ते घरही वरून शांत दिसतं. ऑगस्टा एकटीच अशी, जी पाणी दुसऱ्यांसाठी शेंदते. पानं मला वाचून दाखवताना त्याचा आवाज बदलायचा. समोर नांदेडची बस लागलेली असायची, कंडक्टर ओरडत असायचा, आणि हा म्हणायचा, काका, तिच्या बाह्या ओल्या झाल्या असतील बघा. मीही बघायचो. खोटं कशाला सांगू, मलाही त्या दिसायच्या.

मॅडमनी सुरुवातीलाच एक अट सांगून ठेवली होती. गाईड चालणार नाही, मूळ पुस्तक वाचून या. ताहेरनं नांदेडहून जुनं पुस्तक आणलं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन नोव्हेंबरपासून वाचायला लागला. टाइपवाला वाचून राहिला, ही बातमी मी दोन दिवसांत स्टँडभर केली.

डिसेंबर सरत आला तसा तो गप्प होत गेला. एके दिवशी मी विचारलं, कुठवर आलास? म्हणाला, एकशे चाळीस पानं झाली, विहीर येऊन न्हाई राहिली. मी म्हटलं, येईल, मोठ्या लोकांच्या कादंबऱ्या आहेत, त्यांना घाई नसते. दोनशे झाली, तरी नाही. त्या घरात स्वयंपाकघर होतं, तळं होतं, सुकलेलं कारंजंसुद्धा होतं. पाणी नोकर कुठूनतरी आणायचे, कुठून ते लेखकानं लिहिलं नव्हतं. ताहेर रोज त्या बागेत विहीर शोधायला जायचा आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचा. रहमतबीनं विचारलं तर म्हणायचा, आज धुकं लई होतं अम्मी, दिसली न्हाई.

रविवारला पाच दिवस राहिले असताना मी दुकानावर गेलो, तर गिऱ्हाईक उभं आणि हा पुस्तकाकडं बघत बसलेला. गिऱ्हाइकाला मी घालवलं. ताहेरनं पुस्तक माझ्याकडं सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दिवाणखान्याशेजारच्या ग्रंथालयात सगळे पुतणे खुर्च्या टाकून बसलेत, आणि सगळं भांडण ज्याच्यावरून, ते वकील मोठ्यानं वाचून दाखवतोय.

"काका, विहीर वाचून कशी दाखवतील?"

इंग्रजीत विहिरीला म्हणतात वेल. माणूस मरण्याआधी कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवतो त्या मृत्युपत्राला म्हणतात विल. एका अक्षराचा फरक. दोन हजार चारच्या त्या पोरानं आयवर टिंब दिलं नव्हतं, ताहेरला ते ई दिसलं, आणि काकाच्या मृत्युपत्राची विहीर झाली. टाइप करताना त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. आमच्याकडं मृत्युपत्र करतो कोण? माणूस जातो, तलाठ्याकडं वारसांची नावं लागतात, आणि भांडण विहिरीवर सुरू होतं. पुस्तकातही विल दिसला की तो व्याकरणातला, करील-होईलमधला समजून ताहेर विहीर पुढच्या पानावर शोधत राहिला.

मला हसू आवरेना. वीस वर्षं, दोन जिल्हे, शेकडो एम.ए. एका पोरानं तर म्हणे विहिरीचं पाणी म्हणजे गरिबांचा घाम असं लिहून वर्गात पहिला नंबर काढला होता. मी डोळे पुसले आणि बघितलं तर ताहेर हसत नव्हता.

माझी विहीर गेली काका, असं तो म्हणाला. एवढंच.

मी त्याला सरळ मार्ग सांगितला. गाईड आण, त्यातला आराखडा उतर, मॅडमची सही घे, मोकळा हो. वीस वर्षांचं कोणाला सांगायची गरज नाही, सांगितलंस तर लोक तुझ्याकडून एक ओळसुद्धा टाइप करून घेणार नाहीत. सल्ला व्यवहाराचा होता. त्यानं मान हलवली, हो म्हणायची का नाही म्हणायची ते कळलं नाही. पुढचे दोन दिवस दुकान उघडं आणि माणूस इंग्लंडात. गिऱ्हाइकांनी पासपोर्ट फोटो मागितले तर त्यानं उत्पन्नाचे दाखले काढून दिले.

तिसऱ्या दिवशी मला बाकावर बसवून त्यानं नवी पाठकोरी पानं काढली. आवाज पहिल्यासारखाच, झोपेतून आल्यासारखा. म्हणाला, काका, विहीर न्हाई, पण ती माणसं वागतात कशी बघा. मृत्युपत्र ज्या टेबलाच्या खणात असेल असं सगळ्यांना वाटतं, तिथं ते पाळीपाळीनं येतात. थोरला सकाळी, धाकटी सून दुपारी सगळे झोपल्यावर. येतात, आत वाकून बघतात, आणि दुसरं कोणी आलं की तहान लागल्यासारखं तोंड करून निघून जातात. मधला भाऊ तर दुसऱ्याच्या पाळीला येऊन उभा राहतो. पाच वर्षांत त्या घरात कोणी दुसरं काम केलेलं नाही. सगळे त्याच्यावर जगतात आणि सगळ्यांना भीती, की आपली पाळी यायच्या आत ते आटेल. इंग्रज वाचकाला तो कागद दिसत असेल. मला पाणी दिसतं.

मी जरा सरळ बसलो.

"आन् ऑगस्टा?" मी विचारलं.

ते पान त्यानं वेगळं ठेवलं होतं. ते त्यानं वर काढलं. काकाचे हात थरथरायचे म्हणून मृत्युपत्र लिहून घेतलं होतं ऑगस्टानं. काका बोलायचा, ती लिहायची. तीन पुतण्यांची नावं, सुनांची नावं, घोड्याची देखभाल करणाऱ्याचंसुद्धा नाव तिनं आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं. स्वतःचं लिहिलं नाही, कारण काकानं सांगितलं नव्हतं. भांडणाचा निकाल लागतो तोही तिच्या अक्षरामुळंच. ताहेरचं म्हणणं असं, की कादंबरीतले सगळे विचारतात मृत्युपत्रात कोणाकोणाची नावं आहेत, आणि लेखकाला मात्र दाखवायचं आहे की ते लिहिलं कोणाच्या हातानं. वाचून झाल्यावर त्यानं ती पानं नीट लावली. काही गोष्टी माझ्यासारख्यालाही दिसतात.

आराखड्याचा पहिला परिच्छेद मात्र त्यानं ठेवलाच होता. दोन हजार चारपासून माझ्या दुकानातून जे निबंध गेले त्यांत मृत्युपत्राच्या जागी विहीर आहे, चूक टाइपिस्टची, टाइपिस्ट मीच, आणि या चुकीतून मला ही कादंबरी अशी दिसली.

रविवारी मी त्याच्याबरोबर नांदेडला गेलो. डोळे दाखवायचे आहेत असं घरी सांगितलं. अभ्यासकेंद्राच्या वर्गात पुनम मॅडम बसलेल्या. चाळिशीच्या, मूळच्या बिलोलीच्या, बोलायला कडक. आमच्या आधीच्या दोघांचे आराखडे त्यांनी परत केले, दोघंही मान खाली घालून गेले. मी मागच्या बाकावर बसलो. ताहेर पुढं, हात मांडीवर, जसा तलाठ्यासमोर माणूस बसतो तसा.

मॅडमनी पहिला परिच्छेद वाचला. मग पुन्हा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे निबंध बिलोलीपर्यंत जायचे?"

"हाव मॅडम. सगळीकडंच जायचे."

पुढची पानं त्या बराच वेळ वाचत होत्या. खिडकीबाहेर कोणीतरी पाइपनं झाडांना पाणी घालत होतं. पान उलटल्याचा आवाज आला की ताहेरची पाठ जरा ताठ व्हायची. शेवटी त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि शांतपणे सांगितलं, की आराखडा चांगला आहे, असा विचार या केंद्रात कोणी केलेला नाही. फक्त पहिला परिच्छेद काढून टाका. त्याची गरज नाही, उगाच किती जणांचं जुनं उकरलं जाईल. काढताय ना, मी आत्ता सही करते.

पेन कागदाच्या वर थांबलेलं. एक हो म्हणायचा अवकाश होता. मी मागून मनातल्या मनात हो म्हणून टाकलं.

ताहेर म्हणाला, "मॅडम, ते काढलं तर खालचं कोणाचं बी होईल. कोणी बी वर आपलं नाव घालून घेऊन जाईल. मला विहीर दिसली ती माझ्याच चुकीतून. ती चूक बी माझी, हे म्हणणं बी माझं. एक ठेवून दुसरं कसं टाकू?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. गेलं वर्ष, असं मला वाटलं. आता याला बसमध्ये काय सांगून हसवायचं त्याची मी तयारीसुद्धा सुरू केली.

"मी दोन हजार सहाची," मॅडम म्हणाल्या. आवाजातला कडकपणा कुठं गेला कोणास ठाऊक. "कंधारला मामाकडं राहायचे. तुमच्या दुकानातूनच नेला होता निबंध. पुढं नोकरी लागली, आणि पहिल्याच वर्षी वर्गात मी त्या विहिरीवर अर्धा तास बोलले. पोरांनी उतरून घेतलं. मग एका सुट्टीत कादंबरी वाचली." त्या जरा हसल्या. "पंधरा वर्षांत हे कोणाला सांगितलेलं नाही."

ताहेरनं मान खाली घातली आणि माफ करा मॅडम असं काहीतरी पुटपुटला.

"माफी कसली? तुम्ही लिहिलंय, चूक टाइपिस्टची. ते अर्धंच आहे. टाइप करणाऱ्यानं वाचलं नाही. नेणाऱ्यांनी वाचलं नाही, तपासणाऱ्यांनी वाचलं नाही, आणि मीही न वाचता शिकवलं. हेही त्या परिच्छेदात आलं पाहिजे. घाला, माझ्या नावासकट घाला. आणि मृत्युपत्र उघडायच्या दिवशी ऑगस्टा जिन्यावरून खाली येते तो प्रसंग सोडलाय तुम्ही. तिथं तिचं अक्षर ओळखलं जातं. तो सोडून चालणार नाही."

मग त्यांनी सही केली, खाली तारीख घातली.

माझ्यावर चहाडीचा आळ घेणाऱ्यांना आता काही बोलायला जागा नाही, कारण मॅडमचं हे सगळं ताहेरच्या निबंधात पहिल्याच पानावर आहे. मी फक्त चार लोकांना आधी सांगितलं.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. माझ्याकडं बिलोलीच्या एका लग्नाची अशी बातमी होती की ऐकून कंडक्टरनंसुद्धा तिकिटं फाडायची थांबवली असती. मी सुरुवात केली, घसा साफ केला, त्याच्याकडं वळलो. ताहेरनं मांडीवर सही झालेल्या पानांवर एक नवं पाठकोरं पान ठेवलं होतं आणि त्याच्यावर पेन टेकवलं होतं. मिनिटाला पन्नास शब्द टाइप करणारा माणूस, आणि अर्ध्या तासात तीन शब्द झाले होते. डोळे उघडे, पण समोरची सीट त्याला दिसत नसावी.

"ताहेर, ऐक तर."

"थांबा काका," तो हळूच म्हणाला, "ती जिना उतरून राहिली."

वाटेतलं लोहा येईपर्यंत मी गप्प बसलो.